गोठलेल्या सरोवरावरून चालतांना



२०२२ सालच्या डिसेंबर महिन्यांत पंधरा दिवसांच्या अंतरानें दोन दुःखद बातम्या वाचावयास मिळाल्या. ११ डिसेंबर रोजीं इंग्लंडमधील सॉलिहल येथें एका उद्यानांतील गोठलेल्या तळ्यांत पडून चार लहान मुलगे दगावले. २६ डिसेंबर रोजीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ॲरिझोनामध्यें, वुड्स कॅन्यन नांवाच्या सरोवरावर नाताळच्या सुटींत गेलेल्या मंडळींपैकीं तिघेंजण बर्फ फुटून बुडालीं. हीं तिघेंही मूळचीं भारतीय होतीं. ॲरिझोना म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें वाळवंट आणि निवडुंग उभे राहतात. हें सरोवर मात्र तेथील डोंगरांत साडेसात हजार फूट उंचीवर आहे आणि हिवाळ्यांत तें गोठतें.

थंडी जितकी कडक तितका धोका मोठा, असें आपणांस सहज वाटतें. वस्तुस्थिति बहुतेक याच्या उलट आहे. कॅनडांतील यॉर्क विद्यापीठाच्या सपना शर्मा व त्यांचे सहकारी यांनीं १० देशांतील हिवाळी बुडण्याच्या ४,००० हून अधिक घटनांच्या नोंदी तपासून २०२० सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत असें आढळून आलें कीं, हिवाळ्याचें उष्णमान शून्याखालीं पांच अंशांपासून शून्यापर्यंत घोटाळत असतें, म्हणजे थंडी धड असतेही आणि नसतेही, तेव्हां हे अपघात झपाट्यानें वाढतात. सरोवर वरून पांढरें दिसतें, लोक गेल्या वर्षींच्या संवयीनें त्यावर उतरतात, आणि बर्फ गेल्या वर्षींचा नसतो. हिवाळे तर उत्तरोत्तर सौम्य होत आहेत. जपानांतील सुवा नांवाच्या सरोवराच्या गोठण्याची नोंद तेथील शिंतो पुजारी १४४३ सालापासून ठेवीत आले आहेत. पूर्वीं तें न गोठणें हा अपवाद होता. आतां गोठणें हाच अपवाद होऊन बसला आहे.

आमच्या महाराष्ट्रांत तळीं गोठत नाहींत, मग ही उठाठेव कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु आज पुण्यामुंबईच्या कितीतरी घरांतील मुलें टोरांटो, मिनियापोलिस, स्टॉकहोम अशा ठिकाणीं नोकरीशिक्षणासाठीं राहतात आणि आईबाप हिवाळ्यांत त्यांच्याकडे जातात. शिवाय काश्मीर, लडाख, तवांग येथें ऐन थंडींत जाणारे मराठी प्रवासीही थोडे नाहींत. ज्याच्या सात पिढ्यांनीं गोठलेलें पाणी पाहिलें नाहीं, त्याच्या ठायीं त्याविषयींचें भय नसतें, आणि त्याहून महत्त्वाची जी पारखण्याची संवय तीही नसते. हें मी स्वतःच्या अनुभवावरून सांगत आहें, आणि तो अनुभव मला भूषणावह नाहीं.

मी शाळामास्तर. पाणी चार अंश सेंटिग्रेडला सर्वांत जड असतें, हा धडा मीं सुमारें तीस वर्षें मुलांना शिकविला. हिवाळा आला कीं सरोवराचें वरचें पाणी थंड होऊन जड होतें व खालीं बसतें. खालचें वर येतें. असें होतां होतां सगळें पाणी चार अंशांवर येतें. त्यानंतर वरचें पाणी आणखी थंड झालें तरी तें हलकें होत जातें, म्हणून वरच राहतें आणि शून्याला गोठतें. बर्फ पाण्याहून हलका. त्याची घनता सुमारें ०.९१७, म्हणून तो झांकणासारखा तरंगत राहतो आणि त्याखालीं, चार अंशांच्या पाण्यांत, मासे सुखानें हिवाळा काढतात. मुलांना हा धडा आवडे. मलाही आवडे. सृष्टीची ही केवढी सोय, असें म्हणून मी खडू ठेवीत असें.

कांहीं वर्षांपूर्वीं जानेवारींत मी मुलीकडे मिनेसोटा प्रांतांत गेलों होतों. दहा हजार सरोवरांचा प्रांत म्हणून तो स्वतःस मिरवितो. मुलीच्या घरामागेंच एक मध्यम आकाराचें सरोवर होतें. त्याच्या मध्यावर मासे धरणारांच्या लहान लहान झोपड्या उभ्या होत्या, आणि त्यांच्याजवळ एकानें आपली मालमोटार नेऊन ठेवली होती. सरोवराच्या एका अंगाला तें अरुंद होत जाई आणि तेथें एक छोटा पूल होता. माझा नऊ वर्षांचा नातू म्हणाला, "आजोबा, मी पुलाखालून जाऊन येतों." मीं त्या मालमोटारीकडे पाहिलें आणि म्हणालों, "जा. बर्फ पक्का आहे."

तो पन्नास पावलें गेला असेल नसेल, तोंच शेजारचे एक वृद्ध गृहस्थ कांठावरून इतक्या मोठ्यानें ओरडले कीं मुलगा जागच्या जागीं थिजला. त्यांनीं त्याला उमटलेल्या आपल्याच पावलांवरून हळूहळू परत येण्यास सांगितलें. मग घरांतून एक लांब पहार आणून ते दर पावलाला पुढचा बर्फ ठोकीत पुलाच्या दिशेनें गेले. प्रथम पहारेचा आवाज दगडावर मारल्यासारखा भरीव येत होता. मुलगा थांबला होता त्या जागेपासून दहाबारा पावलांवर तो पोकळ होऊं लागला. तेथें त्यांनीं थांबून दोन घाव घातले, आणि दुसऱ्या घावाला पाणी वर आलें. मालमोटार तेथून फार तर दोनशे पावलांवर होती.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. माझा धडा बरोबर होता. परंतु त्याचा उत्तरार्ध मीं कधीं मनाशीं आणलाच नव्हता. जें चार अंशांचें पाणी माशांना जगवितें, तें बर्फापेक्षां चार अंशांनीं उष्ण असतें. तें तळाशीं स्वस्थ पडून असेल तोंवर झांकणास धक्का नाहीं. पण जेथें पाणी वाहतें, ढवळतें, तेथें ही ऊब वर येते आणि बर्फाला खालून खात राहते. वरून कांहीं दिसत नाहीं. पुलाखालीं, दोन सरोवरांना जोडणाऱ्या अरुंद गळ्यांत, ओढा येऊन मिळतो त्या तोंडाशीं, पाणी बाहेर पडतें त्या ठिकाणीं आणि तळाशीं झरा असेल त्याच्या वर बर्फ पातळ असावयाचाच. लव्हाळ्यांतून आणि पाण्यावर डोकें काढलेल्या खडकांभोंवतींही तो दुबळा असतो, कारण हे काळे पदार्थ ऊन पितात. बदकें व हंस एकत्र बसून पाण्याचा तुकडा उघडा ठेवतात; तो मागाहून गोठला तरी त्याची जाडी शेजारच्या बर्फापेक्षां कितीतरी कमी असते. कोठें कोठें लोक आपल्या नौकांचे धक्के बर्फानें मोडूं नयेत म्हणून तळाशीं हवेचे बुडबुडे सोडणारें यंत्र लावतात. त्याच्या आसपास तर जाऊंच नये. सारांश, सरोवराच्या एका ठिकाणची जाडी ही त्या ठिकाणचीच जाडी होय. दुसऱ्याची मालमोटार पाहून आपलें पाऊल टाकणें म्हणजे शेजाऱ्याच्या नाडीवरून आपला ताप ठरविण्यासारखें आहे.

मग जाडी किती असावी? मिनेसोटाच्या निसर्गसंपत्तिखात्याचें प्रमाण असें आहे कीं, पायीं चालण्यास नवा, स्वच्छ बर्फ निदान ४ इंच असावा. कॅनेडियन रेड क्रॉसनें १५ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ ६ इंच सांगितले आहेत. आपल्यासारख्या नवख्यानें मोठाच आंकडा धरावा हें बरें. परंतु जाडीइतकीच जात पाहिली पाहिजे. शांत, कडक थंडींत गोठलेला बर्फ कांचेसारखा पारदर्शक असतो. खालच्या पाण्याचा काळेपणा त्यांतून दिसतो, म्हणून त्यास काळा बर्फ म्हणतात. हा सर्वांत बळकट. पडलेला हिमकण पाण्यानें भिजून मग गोठला कीं दुधट, पांढरा बर्फ होतो. त्यांत हवेचे असंख्य बुडबुडे असतात, आणि त्याचें बळ काळ्याच्या निम्म्यानें धरावें, म्हणजे जाडी दुप्पट हवी. करड्या रंगाचा बर्फ पाणी प्यालेला असतो. त्यावर पाय ठेवूं नये. नवख्या माणसाला कांचेचें भय वाटतें आणि पांढऱ्याचा विश्वास वाटतो, हा केवळ डोळ्यांचा भ्रम होय.

हिमाचा आणखी एक दगा आहे. भुसभुशीत हिम गोधडीसारखें असतें. तें बर्फावर पडलें कीं वरची थंडी खालीं पोंचत नाहीं, आणि बर्फाचें वाढणें मंदावतें, कारण बर्फ खालच्या बाजूनें वाढतो व त्यासाठीं पाण्यांतील उष्णता वर निघून जावी लागते. दोन आठवडे कडाक्याची थंडी पडली, आतां बर्फ पक्का झाला असेल, हा हिशेब हिमाखालीं चुकतो. शिवाय त्या चादरीखालीं भेगा आणि जुनीं भोंकें झांकलीं जातात तें वेगळेंच.

आमचे शेजारी पुढें मला रोज सकाळीं बरोबर नेऊं लागले. त्यांच्याजवळ सुताराच्या गिरमिटासारखें, पण चांगलें हातभर लांब, बर्फाचें गिरमिट होतें. त्यानें भोंक पाडावयाचें, टोकाला आंकडा असलेली पट्टी आंत सोडून बर्फाच्या खालच्या कडेला अडकवावयाची आणि जाडी वाचावयाची. पंधरावीस पावलें गेल्यावर पुन्हां तेंच. साठ वर्षें त्या कांठीं राहिलेला माणूस, पण रोज सकाळीं नव्यानें मोजी. मला आरंभीं हा भित्रेपणा वाटला.

बर्फ आपल्याला तोलतो तो दगडासारखा नव्हे, तर फळीसारखा. वजनाखालीं तो किंचित वांकतो आणि खालचें पाणी त्यास उचलून धरतें. म्हणून दोघेंतिघें बरोबर असलीं तर एकाच जागीं घोळका करूं नये. अंतर ठेवून, शक्य तर एकामागून एक चालावें, म्हणजे सगळ्यांचा भार एका ठिकाणीं पडत नाहीं आणि पुढचा पडला तर मागचा हात देण्यास राहतो. दुसऱ्या महायुद्धांत लेनिनग्राडला वेढा पडला असतां नोव्हेंबर १९४१ पासून रशियनांनीं लाडोगा सरोवराच्या बर्फावरून धान्याच्या मोटारी चालविल्या. प्रथम घोड्यांच्या घसरगाड्या गेल्या, मागाहून हलक्या ओझ्याच्या मोटारी, त्याही अंतर राखून. तेथें असें दिसून आलें कीं मोटारीच्या वजनानें बर्फाखालच्या पाण्यांत एक लाट उठते, आणि मोटारीची गति त्या लाटेच्या गतीशीं जुळली तर ती लाट वाढत जाऊन भक्कम बर्फही फोडते. पायीं चालणारास या लाटेचें भय नाहीं. बर्फ जिवंत फळीसारखा हलतो, एवढें त्यावरून ध्यानांत यावें.

रात्रीं थंडी वाढली कीं सरोवरावरून तोफेसारखे आवाज येतात. मी पहिल्या दिवशीं दचकून उठलों होतों. बर्फ आकसतांना व प्रसरण पावतांना जाड थराला तडे जातात त्यांचे ते आवाज. त्यांत सहसा भय नसतें. पायाखालीं चरचर होऊन पाणी झिरपूं लागलें तर मात्र क्षणभरही उभें राहूं नये. तेथेंच आडवें व्हावें आणि आल्या वाटेनें सरपटत मागें फिरावें.

आतां मुख्य प्रश्न. बर्फ फुटला आणि माणूस पडला, तर काय? कॅनडांत विनिपेग येथील मानिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट नांवाचे एक संशोधक आहेत. थंड पाण्यांत शरीराचें काय होतें हें पाहण्यासाठीं त्यांनीं अनेक वेळां स्वतःस अशा पाण्यांत घालून घेतलें आहे. त्यांचें सूत्र एक, दहा, एक असें आहे: एक मिनिट, दहा मिनिटें, एक तास. पडतांच थंडीच्या आघातानें माणसाला मोठा आचका बसतो आणि श्वास अनावर होतो. तोंड पाण्यांत असतां हा आचका आला तर पाणी छातींत जातें, आणि पुष्कळांचा घात येथेंच होतो. म्हणून पहिलें मिनिट फक्त डोकें वर ठेवून श्वास ताब्यांत आणण्याचें. तो येतो, हें माहीत असलें म्हणजे धीर राहतो. त्यानंतरचीं सुमारें दहा मिनिटें हातापायांत काम करण्याजोगें बळ असतें. बाहेर येण्याचा यत्न त्या दहांत व्हावयाचा. आणि गारठ्यानें शुद्ध हरपण्यास बहुधा तासभर लागतो. 'पडलों म्हणजे दोन मिनिटांत मेलों' ही समजूत खोटी आहे, आणि तीच माणसाला लवकर मारते.

बाहेर कसें यावें? ज्या बाजूनें आलों त्याच बाजूस तोंड फिरवावें, कारण तो बर्फ आपल्याला निदान तेथवर तोललेला असतो. अंगावरचे जाड कपडे काढण्याच्या खटपटींत पडूं नये. त्यांतील हवा कांहीं काळ तारतेच. दोन्ही हात बर्फावर पसरावे, पाय पोहतांना मारतों तसे मागें मारून शरीर आडवें करावें आणि माशासारखें घसरत वर यावें. कड मोडली तर पुन्हां तेंच, पक्का बर्फ लागेपर्यंत. वर आल्यावर उभें राहण्याची घाई करूं नये. गडगडत कांठाकडे जावें. हात ओल्या बर्फावरून सुटतात, ही येथली खरी अडचण. त्यासाठीं स्वीडन, फिनलंड, मिनेसोटा येथें लोक गळ्यांत दोरीला दोन लहान लांकडी मुठी अडकवितात; प्रत्येकीला पोलादी टोंचा असतो. त्या बर्फांत रोंवून अंग ओढून काढतां येतें. स्वीडनमधील कांहीं शाळांतून शिक्षकांच्या देखरेखीखालीं मुलांना कपड्यांसह बर्फांतील भोंकांत उतरवून असें वर येण्याचा सराव देतात. हें वाचून मला माझ्या फळ्यावरच्या आकृतीची आठवण झाली, असो.

दहा मिनिटें सरलीं आणि बळ संपलें, तर धडपड थांबवून हात बर्फावर पसरून स्थिर ठेवावे. ओल्या बाह्या बर्फाला गोठून चिकटतात, आणि शुद्ध गेली तरी माणूस खालीं न जातां मदत येईपर्यंत टिकूं शकतो.

पाहणाराची कसोटी याहून कठीण. आपलें माणूस पाण्यांत पाहून धांवत जाणें स्वाभाविक आहे, आणि त्यामुळें एकाच्या जागीं दोघे बुडतात. आधीं ओरडून त्याला धीर द्यावा, वर कसें यावें तें सांगावें आणि मदतीसाठीं फोन करावा: अमेरिका व कॅनडांत ९११, स्वीडनमध्यें व आपल्याकडे ११२. मग कांठावरून किंवा पक्क्या बर्फावर पालथें पडून जें हाताशीं येईल तें पुढें करावें: शिडी, काठी, दोर, मफलर. आमच्या खेड्यांत विहिरींत पडलेल्यास धोतर सोडून टाकण्याची रीत होती, बुद्धि तीच. कुत्रा पडला तर त्याच्यामागें मुळींच जाऊं नये. कुत्रे पुष्कळदां आपले आपण वर येतात. मालक मात्र येत नाहीं.

वर काढलेल्या माणसास आडवें ठेवावें, चालवूं नये. ओले कपडे काढून कोरड्या कांबळ्यांत गुंडाळावें. ऊब छातीपोटाला द्यावी. हातपाय चोळूं नयेत, कारण त्यांतील थंडगार रक्त एकदम हृदयाकडे गेलें तर अपाय होतो. शुद्ध असेल तर गरम, गोड पेय द्यावें. ब्रँडी देऊं नये. सिनेमांत देतात तरी देऊं नये.

आपल्या देशाविषयीं दोन शब्द. श्रीनगरचें दल सरोवर चिल्लई कलानच्या चाळीस दिवसांत, म्हणजे २१ डिसेंबरपासून पुढें, कधीं कधीं गोठतें. परंतु तेथील बर्फाची जाडी बहुधा तुटपुंजीच असते, आणि त्यावर उतरूं नका अशा सूचना अधिकारी देत असतात. चित्र घेण्याच्या हौसेनें त्या सूचनांकडे दुर्लक्ष करणारांत आपल्याकडचे प्रवासीही असतात. लडाखमधील पँगाँग सरोवर सुमारें चौदा हजार फूट उंचीवर आहे. फेब्रुवारी २०२३ मध्यें त्याच्या बर्फावरून २१ किलोमीटरांची शर्यत झाली. ती शर्यत पूर्वतयारीनें व देखरेखीखालीं झाली. तेवढ्यावरून एखाद्या एकट्या कुटुंबानें मोटार थांबवून वाटेल तेथें उतरणें शहाणपणाचें नाहीं. झंस्कार नदीवरची 'चादर' तर वाहत्या पाण्यावरची. तेथील वाटाडे पुढें काठीनें ठोकीत चालतात आणि तिच्या आवाजावरून वाट बदलतात. ते थांबा म्हणतील तेथें थांबावें.

माझा मुक्काम मार्चपर्यंत होता. जाण्यापूर्वीं एका दुपारीं मीं शेजाऱ्यांना म्हटलें, "आज शेवटचें फिरून येऊं." बर्फ अद्याप सोळा इंच होता, आदल्याच आठवड्यांत आम्हीं मोजला होता. झोपड्या मात्र हलल्या होत्या, कारण मार्चमधील ठराविक तारखेच्या आंत त्या काढाव्या असा तेथील नियमच आहे. त्यांनीं मान हलविली. कांठाशीं बर्फ आधींच वितळून वीतभर पाण्याची पट्टी झाली होती. त्यांनीं पहारेनें एक मोठा तुकडा ओढून घेतला आणि तो पायानें हलकेच ढकलला. सोळा इंचांचा तो तुकडा उभ्या उभ्या मेणबत्त्यांच्या जुडग्यासारखा सुटा झाला आणि किणकिणत पाण्यांत पसरला. वसंताचें ऊन बर्फाच्या स्फटिकांमधील सांधे आधीं विरघळवितें. जाडी तशीच राहते, बळ जातें. आम्ही कांठावरूनच परत फिरलों. नातू पुढें चालला होता, आणि त्याच्या हातांत त्यांनीं दिलेली पहार होती.